तीन वर्षांच्या कुत्र्यासाठी दुकानातलं कोणतं डॉग फूड घ्यावं? कोरडं, ओलं की ग्रेन-फ्री (धान्य न घातलेलं)?

कोरडं की ओलं हे नंतर बघू. आधी पिशवीवर ते कोणत्या वयासाठी लिहिलंय ते वाचा. एवढ्या ठामपणे सांगतोय, कारण याच एका गोष्टीवरून आमच्या सांगलीच्या घरात दोन भावांचा अबोला व्हायची वेळ आली होती.

आमचा बंड्या लॅब्रॅडॉर आहे, नसबंदीचं ऑपरेशन झालेला. हे तेव्हाचं, तो चार वर्षांचा होता. त्याचं खाणं आणायचं काम दादाकडे, कारण दुकानदार दादाच्या वर्गातला. त्याने सांगितलं, "पपीचंच चालू ठेव, त्यात ताकद जास्त." झालं, दादाला तेवढं पुरलं. वहिनी स्टीलचा मोठा पेला सकाळ-संध्याकाळ शिगोशीग भरून द्यायची. वर चहाच्या वेळी ग्लुकोज बिस्किटं आणि रात्री उरलेली पोळी. मी काही बोललो की दादाचं ठरलेलं उत्तर, "तू नेटवर वाचत बस, कुत्रा मी सांभाळतो." येणारे-जाणारेही म्हणायचे, काय तब्येत आहे! पायरी चढताना धापा टाकणाऱ्या कुत्र्याची कसली आलीय तब्येत.

लसीच्या वेळी डॉक्टरांनी काट्यावर उभा केला, 41 किलो. बरगड्यांवरून हात फिरवला आणि दादालाच विचारलं, "फासळ्या कुठं गेल्या याच्या?" त्याच्या हाडापेराला 32 किलो पुष्कळ होते.

त्या रात्री मी वही घेऊन बसलो. हिशोब अवघड नाही. किलोतल्या वजनाचा 0.75 घात काढायचा आणि त्याला 70 ने गुणायचं. 32 किलोला साधारण 940 किलोकॅलरी येतात. हा नुसता पडून राहण्याचा खर्च. नसबंदी झालेल्या, वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला त्याच्या सुमारे 1.6 पट, म्हणजे दीड हजाराच्या आसपास लागतात. वहिनीचे दोन पेले स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले तर अर्धा किलो भरले. पिशवीवर 100 ग्रॅमला 400 किलोकॅलरी छापलेल्या. म्हणजे दोन हजार इथेच, बिस्किटं-पोळी धरलीच नाही.

दादा म्हणाला, "अरे पण प्रोटीन?" जनावरांच्या खाण्याचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेचे आकडे बघा, आपल्याकडच्या बऱ्याच पिशव्यांवरही तिचं नाव असतं. पाणी वगळून मोजलं तर वाढत्या पिल्लाला किमान 22.5 टक्के प्रोटीन आणि 8.5 टक्के फॅट लागतं, मोठ्या कुत्र्याला 18 आणि 5.5. घरात लोळणाऱ्या कुत्र्याला पिल्लाचं खाणं घालून ताकद येत नाही, पोट येतं.

"पण तो मागतो ना!" ही वहिनी. लॅब मागणारच. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की सुमारे चौथा हिस्सा लॅब्रॅडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि अशांची खाण्याची ओढ जास्त असते. आणि "खाऊ दे की, जगणार किती" म्हणणाऱ्यांसाठी 2002 साली छापलेला एक अभ्यास आहे. 48 लॅब्रॅडॉरच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं. कमी खाणारे जवळपास दोन वर्षं जास्त जगले.

मग मोठ्यांचं खाणं आणलं, पेला जाऊन काटा आला, बिस्किटं बंद झाली. बंड्या हळूहळू उतरला. दादा आजही सांगतो की फिरण्याने उतरला. फिरायला तर तो आधीही रोज आयर्विन पुलापर्यंत जायचा!

असो, तुमचं कोरडं-ओलं. ओल्या खाण्याच्या पाऊचवर 8 टक्के प्रोटीन आणि कोरड्याच्या पिशवीवर 24 बघून पाऊच फालतू समजू नका. पाऊचमध्ये 80 टक्के पाणीच असेल, तर ते वगळून प्रोटीन 40 टक्के होतं. पिशवीत पाणी 10 टक्के धरलं तर ते 27 च्या आत. म्हणून पाऊच भारी असंही नाही. पोट भरेल एवढे पाऊच रोज घेतले तर खिसा रिकामा होतो, आणि काही पाऊचवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे पूरक खाणं आहे. रोजचं म्हणून घ्याल ते 'संपूर्ण आणि संतुलित' असं लिहिलेलंच घ्या. मी कोरडंच घेतो. वर दोन चमचे ओलं घातलं तर बिघडत नाही, फक्त तेवढं कोरडं कमी करा.

ग्रेन-फ्रीला माझा सरळ विरोध आहे. कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे. धान्यातलं पिष्ट (स्टार्च) पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती त्याच्याकडे लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात, हे 2013 मध्येच छापून आलंय. त्यात ग्रेन-फ्रीमध्ये धान्याच्या जागी बहुतेकदा वाटाणा-मसूर असतात, आणि 2018 पासून एफडीए या अमेरिकेच्या अन्न-औषध नियामक संस्थेने अशा वाटाणा-मसूर भरपूर असलेल्या खाण्याचा हृदयाच्या एका आजाराशी संबंध आहे का हे तपासायला घेतलं. ठाम निकाल लागलेला नाही, पण नसलेल्या फायद्यासाठी जास्त पैसे कशाला? खाज सुटते म्हणून गव्हाला दोष देणाऱ्यांनी आधी चिकन आणि दूध तपासावं.

सुटं, गोणीतून तोलून देतात ते मात्र घेऊ नका, पावसाळ्यात तर नाहीच. त्यातली चरबी खवट होते, बुरशी धरते आणि तारीख-लेबल काहीच आपल्या हाती येत नाही. दादाचा वर्गमित्र तेही विकतो.

नवीन खाणं आठवडाभर जुन्यात मिसळत वाढवत न्या, नाहीतर जुलाब पुसत बसाल. माझे आकडे निरोगी, घरात राहणाऱ्या कुत्र्याचे आहेत. तुमचा दिवसभर शेतावर पळत असेल तर त्याला बरंच जास्त लागेल. मूत्रपिंड, स्वादुपिंड किंवा साखरेचा त्रास असेल तर वरचं सगळं सोडा आणि डॉक्टर सांगतील तेच घाला. दुकानदार वर्गातला असला तरी.