पर्यटनाच्या जोरावर देश वर येऊ शकतो का?

तुम्ही विचारलंय की एखाद्या छोट्या गरीब देशाकडे तेल नाही, कारखाने नाहीत, पण समुद्र, जंगल, जुन्या वास्तू भरपूर आहेत, तर त्याला फक्त पर्यटनाच्या जोरावर वर येता येईल का. सुरुवात तर नक्कीच होते. पण किती पर्यटक आले या आकड्यावरून फारसं काही कळत नाही, त्यांनी खर्च केलेल्या शंभरातले देशात उरले किती, ते बघावं लागतं.

मी सहा वर्षं एका मोठ्या बीच रिसॉर्टच्या परचेस डिपार्टमेंटला होते, म्हणून हा विषय माझ्या फार जवळचा आहे. एकदा इन्व्हेंटरी करताना मी एका खोलीतल्या सगळ्या वस्तू कुठून आल्यात ते लिहून काढलं. गादी, चादरी, टॉवेल, एसी, टीव्ही, नळ, साबण, कॉफी मशीन, अगदी पाण्याची बाटलीसुद्धा, सगळं कंटेनरमधून आलेलं. देशात बनलेली एकच वस्तू सापडली, कपडे टाकायची वेताची टोपली. त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं होतं.

याला अर्थशास्त्रात लीकेज म्हणतात, गळती. विमान बाहेरच्या कंपनीचं, बुकिंग बाहेरच्या वेबसाइटवर आणि कमिशन तिथेच कापलेलं, हॉटेलच्या ब्रँडची फी आणि नफा बाहेर, वरचे मॅनेजर बाहेरचे. देशात राहतो तो पगार, थोडी खरेदी आणि टॅक्स, आणि टॅक्सचंही असं की गुंतवणूक यावी म्हणून सरकारने बरीच वर्षं सूट देऊन ठेवलेली असते.

लोकांना वाटतं हॉटेलवाले मुद्दाम बाहेरून माल आणतात. तसं नसतं हो. आमच्या शेजारच्या गावात भाजी पिकायची, शेतकरी गेटपर्यंत यायचे, पण आम्हाला रोज एकसारखा, ठरलेल्या वजनाचा माल हवा आणि पेमेंट नव्वद दिवसांनी. तीन महिने पैसे अडकवून ठेवणं लहान शेतकऱ्याला कसं परवडणार, ते परत जायचे आणि आम्ही विमानाने टोमॅटो आणायचो. पुढे एक नवीन शेफ आले, ते हट्टाला पेटले की गावचा माल घ्यायचा, लहानमोठा असला तरी चालेल, सूपमध्ये जाईल, आणि अकाउंट्सशी भांडून त्यांनी आठवड्याला रोख पेमेंट सुरू करून घेतलं. वर्षभरात तेच शेतकरी ड्रिप टाकून नियमित माल द्यायला लागले. म्हणजे अडलं होतं ते पेमेंटच्या मुदतीवर. पर्यटन धोरणात मला सगळ्यात आधी हे बघायला आवडेल, जाहिरातीचं बजेट नंतर.

आता देशांकडे बघा. स्पेनचं उदाहरण सगळे देतात आणि ते बरोबरच आहे, 1959 च्या स्थिरीकरण योजनेनंतर, म्हणजे सरकारच्या आर्थिक सुधारणांनंतर, पेसेटा हे त्यांचं चलन स्वस्त झालं, उत्तर युरोपातले लोक उन्हासाठी लाखोंनी यायला लागले आणि त्यातून आलेल्या परकीय चलनावर कारखान्यांसाठी मशिनरी आयात करता आली. पण स्पेनकडे शेती होती, पोलाद होतं, कापड गिरण्या होत्या, त्यामुळे हॉटेलला लागणारं बरंच काही देशातच मिळत होतं. मालदीवकडे तसं काही नव्हतं, होते ते मासे. तिथे 1972 मध्ये पहिलं रिसॉर्ट सुरू झालं, एक बेट एक रिसॉर्ट अशी पद्धत पडली, उत्पन्न खूप वाढलं हे मान्यच करावं लागेल, पण पर्यटक एका बेटावर आणि गावकरी दुसऱ्या, त्यामुळे सामान्य माणसाला त्यात दुकान टाकायला जागाच नव्हती. मग 2009 नंतर वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊसला परवानगी मिळाली आणि माफुशीसारख्या ठिकाणी गावातलीच माणसं मालक झाली, खोल्या देणं, बोटी चालवणं, डायव्हिंग शिकवणं. एक नियम बदलला आणि पैसा गावात पोचला.

रवांडात गोरिला बघायचं परमिट 1500 डॉलरचं आहे आणि पार्कच्या कमाईतला 10 टक्के वाटा आसपासच्या गावांच्या कामांसाठी जातो, त्यामुळे जंगल राखण्यात गावाचा स्वतःचा फायदा असतो. भूतान दर पर्यटकाकडून दिवसाला 100 डॉलर शुल्क घेतं, भारतीयांना 1200 रुपये. कमी माणसं आणा पण प्रत्येकाकडून जास्त मिळवा. फक्त भूतानबद्दल बोलताना लोक विसरतात की त्यांचा मोठा आधार भारताला विकली जाणारी वीज आहे, एकट्या पर्यटनावर तेही उभे नाहीत.

आणि एकट्यावर उभं राहणं किती धोक्याचं ते 2020 ने दाखवलं. 2019 मध्ये जगात साधारण 146 कोटी आंतरराष्ट्रीय पर्यटक फिरले, पुढच्या वर्षी जेमतेम 40 कोटी. मालदीवची अर्थव्यवस्था त्या एका वर्षात जवळपास एक तृतीयांशाने आकसली. श्रीलंकेत आधी 2019 चे ईस्टरचे बॉम्बस्फोट, मग कोविड, डॉलर येणं आटलं, आणि एप्रिल 2022 मध्ये परदेशी कर्जफेड थांबवावी लागली. कारणं इतरही होती, टॅक्स कमी केलेले, खतांवरची बंदी, पण पर्यटनाचे डॉलर येत असते तर थोडी तरी सवड मिळाली असती. शिक्षक आणि नर्सना पगार देणारा देश असा दुसऱ्यांच्या सुट्टीवर अवलंबून ठेवू नये असं मला फार मनापासून वाटतं.

अजून एक, किनाऱ्यावर जमिनीचे भाव वाढले की मासेमारी आणि शेती करणारी पोरं ते सोडून वेटर होतात, मजुरी वाढते, बाकीचे धंदे मागे पडतात, आणि सीझन संपला की तीच पोरं चार महिने बिनकामाची. आमच्याकडे निम्मा स्टाफ असा सीझनपुरता होता.

तुम्ही प्रोजेक्टसाठी विचारत असाल तर त्या देशाचा टुरिझम सॅटेलाइट अकाउंट, म्हणजे पर्यटनाचा वेगळा काढलेला आर्थिक हिशेब, शोधा, त्यात पर्यटकांच्या खर्चाबरोबर देशात प्रत्यक्ष किती मूल्य तयार झालं आणि किती नोकऱ्या आल्या ते मिळतं. शेजारी आयातीची यादी ठेवा आणि त्यात खाण्यापिण्याचा माल किती आहे ते बघा. कुठल्या देशाबद्दल लिहिताय ते कळवलंत तर मी अजून सांगू शकेन.