सी प्रोग्रामिंगच्या असाइनमेंट जमत नाहीत, घरी सांगणारं कुणी नाही. मदत कुठे मिळेल?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या साखळीकडचा, बारावी कॉमर्स, आता बीसीएच्या पहिल्या वर्षाला. दर आठवड्याला सीची असाइनमेंट येते, घरी कॉम्प्युटरमधलं कळणारं कुणी नाही, आतापर्यंत मित्राची जर्नल समोर ठेवून उतरवलीस. आता विचारतोस, मदत कुठे मिळेल आणि एआयकडून करून घेतलं तर चालेल का. वयाने लहान असणार, म्हणून अरेतुरे करते. राग मानू नकोस.

मी फोंड्याची. एका ऑफिसात बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळते. त्याआधी दोन वर्षं एका कॉलेजात लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर, सीची प्रॅक्टिकल्स घ्यायचे. त्यामुळे उतरवलेली जर्नल मी तपासलीही आहे आणि स्वतः उतरवून दिलीही आहे.

आधी उतरवल्याची गोष्ट. माझा मावसभाऊ तेव्हा फर्मागुडीला इंजिनिअरिंग करत होता. चतुर्थीच्या सुट्टीत आमच्याकडे आला आणि मी लगेच माझ्या पाच असाइनमेंट त्याच्यापुढे टाकल्या. घरात माटोळीची, म्हणजे गणपतीवरच्या फळाफुलांच्या सजावटीची, गडबड चाललेली, आणि हा पठ्ठ्या अर्ध्या तासात पाचही प्रोग्राम टाइप करून मोकळा. मी शेजारी बसून बघत होते. प्रत्येक प्रोग्राम संपला की विचारायचा, ‘कळलं ना गो?’ मी म्हणायचे, कळलं. खोटं नव्हतं ते. दुसऱ्याचे हात चालत असताना सगळं कळतंच.

प्रॅक्टिकल परीक्षेला त्यातलाच एक आला: तीन विषयांचे मार्क घ्या, सरासरी छापा. मी आनंदाने आठवून आठवून लिहिला. 50, 61 आणि 62 दिले. उत्तर आलं 57.000000. परीक्षक मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘173 ला 3 ने भागल्यावर 57 कसे?’ मी ठोकून दिलं, ‘सर, कॉम्प्युटर राउंड करतो.’ ते शांतपणे म्हणाले, ‘राउंड केलं तर 58 यायला हवेत ना?’

भावाच्या प्रोग्राममध्ये 3 नव्हता, 3.0 होता. तो ‘पॉइंट झिरो’ मला नुसती टाइप करायची स्टाइल वाटली होती. सीमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की अपूर्णांकाचा भाग चक्क टाकून दिला जातो. उत्तर पुढे फ्लोटमध्ये, म्हणजे दशांशवाल्या पेटीत, ठेवलं तरी उपयोग नाही, कारण भागाकार आधी होतो आणि ठेवणं नंतर. दोघांपैकी एक जरी दशांशवाला असला तर साधारण 57.67 मिळतात. (पायथॉनवाल्या मैत्रिणीचं उत्तर वेगळं आलं तर घाबरू नकोस. पायथॉन 3 मध्ये, म्हणजे 2008 पासून, साधी भागाकाराची रेघ दशांशातलंच उत्तर देते.) ही एवढी गोष्ट मला भावाने दोन मिनिटांत सांगितली असती. मी विचारलंच नाही, कारण प्रोग्राम चालत होता.

तेव्हापासून माझं एक मत झालंय आणि ते जरा विचित्र वाटेल. मदत करणाऱ्याचे हात कशात तरी अडकलेले असावेत.

मागच्या वर्षी शेजारची एक मुलगी संध्याकाळी मोबाईल घेऊन आली. मी आदोळीवर बसून नारळ खोवत होते, कोपरापर्यंत खोबऱ्याचा चव. ‘मावशी, फॅक्टोरियलचा प्रोग्राम चालत नाही.’ (फॅक्टोरियल म्हणजे 1 पासून त्या आकड्यापर्यंत सगळ्यांचा गुणाकार.) हात मोकळे असते तर मोबाईल घेऊन एका मिनिटात नीट करून दिला असता, सवयच आहे ती. हात अडकले होते म्हणून विचारलं, ‘चालत नाही म्हणजे काय होतं?’ तर म्हणे 0 येतं. कुठलाही आकडा द्या, 0. ‘मग चालतोय की गो. चुकीचं चालतोय.’ हा फरक तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

जवळ काय होतं, तर लग्नाची एक जुनी पत्रिका. तिच्या मागच्या बाजूला तिला दोन रकाने आखायला लावले. एकावर लिही आय, म्हणजे मोजणारा आकडा, दुसऱ्यावर फॅक्ट, म्हणजे आतापर्यंतचा गुणाकार. आता तू कॉम्प्युटर हो. 5 दिलाय. एकेक ओळ मोठ्याने वाच आणि त्या ओळीने जो आकडा बदलला तो रकान्यात लिही. डोक्याने पुढचं ओळखायचं नाही.

आय 1, फॅक्ट 0.
आय 2, फॅक्ट 0.
आय 3, फॅक्ट...

तिसऱ्या ओळीला पेन थांबलं आणि ती हसायला लागली. आदल्या आठवड्यात बेरजेचा प्रोग्राम केला होता, तोच घेऊन अधिकच्या जागी गुणाकाराची चांदणी टाकली होती. बेरीज 0 पासून सुरू करतात ते बरोबर. गुणाकार 0 पासून सुरू केला की जन्मभर 0. फॅक्ट 1 पासून सुरू केला, 120 आले. मी एकही अक्षर टाइप केलं नव्हतं आणि अर्धा नारळ खोवायचा बाकी होता.

मला वाटतं तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या पत्रिकेवर आहे. घरी कॉम्प्युटर नसला तरी फार खंत करू नकोस. पहिल्या सेमिस्टरचा असा एकही प्रोग्राम नसतो जो कागदावर हाताने चालवता येत नाही. शिवाय पावसात लाइट गेली तरी कागद बंद पडत नाही.

आता मदत कशी मागायची. प्रॅक्टिकलला मुलं यायची आणि म्हणायची, ‘मॅडम, एरर येतो.’ कुठला? ‘लाल काहीतरी.’ त्यांनी तो वाचलेलाच नसायचा, वाचायच्या आधीच खिडकी बंद. कुणाकडेही जाशील तेव्हा चार गोष्टी घेऊन जा: तू काय दिलंस, काय यायला हवं होतं, प्रत्यक्ष काय आलं, आणि तुझ्या मते बिघाड कुठल्या ओळीपाशी आहे. शेवटची गोष्ट चुकली तरी चालेल, पण हवी. ‘फॅक्टोरियल करून द्या’ असं सांगितलंस तर समोरचा करून देईल किंवा कंटाळेल. ‘5 दिला, 120 ऐवजी 0 येतं, लूपमध्ये (त्याच ओळी परत परत चालतात त्या भागात) काहीतरी गडबड वाटते’ म्हटलंस तर कँटीनमध्ये चहा पिणारा सीनियरसुद्धा थांबून बघेल. आणि गंमत म्हणजे या चार गोष्टी नीट लिहिताना निम्म्या वेळा चूक आपली आपल्यालाच दिसते.

एररची ओळही नीट वाच. कंपायलर, म्हणजे तुझा प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलणारा, 12 व्या ओळीकडे बोट दाखवतो, पण अर्धविराम 11 व्या ओळीला राहिलेला असतो. त्याला गडबड कळते तीच पुढच्या ओळीवर गेल्यावर. पहिलाच एरर दुरुस्त कर आणि परत कंपाइल कर, खालचे आठ-दहा आपोआप जातात. उलट जिथे अर्धविराम नको तिथे, म्हणजे फॉर लूपच्या कंसानंतर लगेच, तो पडला तर एररच येत नाही. लूप रिकामाच फिरतो आणि तुझी ओळ एकदाच चालते. या एका टिंबाने माझ्या बॅचेसचे किती तास खाल्ले असतील!

माणसं कुठली, तर आधी तुझेच प्रॅक्टिकलचे सर किंवा मॅडम. विशेषतः लेक्चर बेसिसवरचे, ते वयाने तुझ्याजवळचे असतात आणि कुणी खरंच विचारायला आलं तर त्यांना बरं वाटतं. मला वाटायचं. मग एक वर्ष पुढचा सीनियर. फार हुशार नको, नुकताच या चिखलातून बाहेर आलेला बरा. झेरॉक्सच्या दुकानात मागच्या वर्षीची पूर्ण जर्नल मिळते हे मलाही माहीत आहे. तपासणाऱ्यालाही माहीत असतं. पैसे घेऊन असाइनमेंट करून देणाऱ्यांच्या वाटेला तर जाऊच नकोस, व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, ते तुझ्या शेजारी बसणार नाहीत.

मराठीतून हवं असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघ. सीचे धडे मराठी आवाजात आहेत, छोटे छोटे, फुकट. आणि पायथॉन ट्युटर नावाचं एक साधन आहे. नाव पायथॉनचं असलं तरी ते सीसुद्धा चालवतं. प्रोग्राम टाकायचा आणि पुढे-पुढे दाबत जायचं, प्रत्येक ओळीला कुठल्या पेटीत काय आहे ते चित्रात दिसतं. आमच्या पत्रिकेमागच्या रकान्यांचंच ते नटवलेलं रूप. मात्र आधी कागद, मग ते.

एआयचं म्हणशील तर कॉलेजचा नियम काय ते आधी सरांना विचार. नियम काहीही असो, एआयचे हात कधीच अडकलेले नसतात, अडचण तीच आहे. प्रश्न टाकलास की पूर्ण प्रोग्राम पुढ्यात, माझ्या मावसभावापेक्षा जलद. शिवाय वर्गात लूपच चाललाय आणि तुझ्या जर्नलमध्ये अजून न शिकवलेले रिकर्जन आणि पॉइंटर आले, तर तपासणारा पहिला प्रश्न त्यावरच विचारणार. म्हणून त्याचे हात तू बांध. सरळ मराठीत लिही: ‘मी पहिल्या सेमिस्टरला आहे. हा माझा प्रोग्राम. कोड लिहून देऊ नकोस, चूक कुठे ते सांगू नकोस, मला सापडेल असे एकेक प्रश्न विचार.’ बऱ्यापैकी ऐकतो. मध्येच घसरून कोड देतोच, तेव्हा परत दटावायचं. आणि तो छातीठोकपणे चुकीचंही सांगतो, तेव्हा त्याने सांगितलेलं कागदावर चालवून बघ.

भाषेचं एक. चौथीपर्यंत मराठीत शिकून पाचवीपासून एकदम इंग्रजी, हे आपल्याकडच्या कितीतरी जणांचं झालंय, माझंही. त्यामुळे असाइनमेंटचं इंग्रजी वाक्य कळलं नाही की आपल्याला वाटतं प्रोग्रामिंगच कळत नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रश्न आधी मराठीत लिहून काढ, पायऱ्याही मराठीत. ‘आकडा संपेपर्यंत शेवटचा अंक काढ, बेरजेत घाल, आकड्याला दहाने भाग’ एवढं घरच्या भाषेत जमलं की सीमध्ये मांडायला सात-आठ ओळी लागतात.

त्या मुलीची गोष्ट अर्धीच राहिली. दोन दिवसांनी ती परत आली, चेहरा रागावलेला. तोच प्रोग्राम कॉलेजच्या लॅबमध्ये केला, निळ्या स्क्रीनच्या टर्बो सी या जुन्या कंपायलरवर. 7 ला 5040 बरोबर आले, 8 ला उत्तर आलं उणे 25216. मोबाईलवर मात्र 40320, बरोबर. लॅबमधल्या कुणीतरी सांगितलं, मशीन खराब आहे. मशीन बिचारं ठीक होतं. टर्बो सीमधल्या इंटची, म्हणजे पूर्णांकाची, पेटी 16 बिटांची, तिच्यात जास्तीत जास्त 32767 मावतात. 40320 त्यापलीकडे गेले, म्हणून 65536, म्हणजे त्या पेटीत मावणाऱ्या उणे-अधिक आकड्यांची एकूण संख्या, वजा होऊन उणे आकडा दिसला. मोबाईलवरच्या कंपायलरची पेटी 32 बिटांची, तिच्यात 2147483647 पर्यंत जागा. प्रोग्राम तोच, पेटी वेगळी. त्या दिवशी माझे हात मोकळे होते, तरी मुद्दाम पदराखाली ठेवले आणि वजाबाकी तिलाच करायला लावली.

आता तुझ्यासाठी. मोबाईलवर फॅक्टोरियलचा प्रोग्राम स्वतः लिही, सगळीकडे साधा इंट वापर. 12 दिलेस तर 479001600 येतील, बरोबर. 13 दे. बहुतेक 1932053504 येईल. खरं उत्तर आहे 6227020800. या वेळी उणे का आलं नाही आणि नेमका हाच आकडा का आला, ते कागदावर काढ आणि खाली लिही. चुकलं तरी लिही, मी बघते.