एमआरआय काढू नकोस

प्रिय,

तुझा निरोप वाचला. मेंदूचा एमआरआय काढून घरच्यांपुढे ठेवला, तर तू आळशी नाहीस, तुला एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणारी मेंदूच्या वाढीतली अडचण) आहे, हे त्यांना पटेल का, असं विचारलंस. पुरावा शोधावासा वाटेपर्यंत किती ऐकून घेतलं असशील, या विचाराने वाईट वाटलं.

पण एमआरआय काढू नकोस. एडीएचडीचं निदान स्कॅनवर होतच नाही. लहानपणापासूनचं वागणं, शाळेत, घरी, कामात येणाऱ्या अडचणी यांची नीट चौकशी करूनच ते होतं. २०१७ साली ३,२०० हून अधिक लोकांचे स्कॅन एकत्र तपासले गेले. एडीएचडी असलेल्या मुलांच्या मेंदूतले आतले काही भाग सरासरीने किंचित लहान निघाले. प्रौढांत तर तो फरकही सापडला नाही. एकट्या तुझ्या चित्रावरून कुणालाच काही सांगता येणार नाही.

पण म्हणून काही तुझा त्रास खोटा ठरत नाही. २००७ च्या एका अभ्यासात मुलांच्या मेंदूचं बाहेरचं आवरण सर्वाधिक जाड कधी होतं, हे पाहिलं होतं. इतर मुलांत हा टप्पा साधारण ७.५ व्या वर्षी आला, एडीएचडी असलेल्यांत १०.५ व्या वर्षी. सगळ्यांत जास्त उशीर होता कपाळामागच्या भागात, म्हणजे जिथून आपण स्वतःला आवरतो तिथे. हालचाली चालवणारा भाग मात्र थोडा आधीच तयार झाला होता. अंगाला धाव आधी मिळाली, लगाम मागाहून आला. मला हा निष्कर्ष फार बोलका वाटतो.

'तुझं डोपामिन कमी आहे' असं कुणी सांगितलं, तर ते अर्धवट समज. डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारी रसायनं. कपाळामागचा भाग डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिनच्या बेताच्या प्रमाणावर चालतो; कमी पडलं तरी बिघडतं, जास्त झालं तरी. मिथाइलफेनिडेटसारखं एडीएचडीवरचं औषध ही रसायनं पेशींत लगेच परत शोषली जाऊ देत नाही. परीक्षा महिन्यावर आलीय हे तुला ठाऊक असतं. ते ठाऊक असणं तुला खुर्चीत बसवत नाही, एवढंच. याला आळस म्हणू नकोस, निदान तू तरी.

घरच्यांना एकदा डॉक्टरांकडे सोबत ने. आणखी एक: जुळ्यांच्या अभ्यासांत यातला आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के दिसतो. तेव्हा निवांत वेळ पाहून, दोष न देता, वडिलांना विचार की शाळेत ते स्वतः कसे होते.