घरी बांधलेल्या ॲम्पमध्ये ईएल३४ ट्यूबची जोडी आहे, प्लेटवर (ट्यूबच्या धन टोकावर) ४५० व्होल्ट. बायस, म्हणजे सिग्नल नसताना ट्यूबमधून वाहणारा करंट, किती ठेवू?

प्रत्येक ट्यूबला ३५ मिलिअँपिअरच्या आसपास ठेवा, ३९ च्या वर नेऊ नका. ईएल३४ च्या डेटाशीटमध्ये प्लेटची मर्यादा २५ वॅट आहे. पुश-पुल ॲम्पला (ज्यात दोन ट्यूब आळीपाळीने काम करतात) त्याचे ७० टक्के म्हणजे १७.५ वॅट पुरे, आणि १७.५ भागिले ४५० म्हणजे सुमारे ३९ मिलिअँपिअर. मोजायला प्रत्येक कॅथोड (ट्यूबचे ऋण टोक) आणि ग्राउंडमध्ये १ ओहमचा रेझिस्टर घाला, मग मीटरवर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर. त्यात स्क्रीनचा (ट्यूबमधल्या दुसऱ्या जाळीचा) करंटही मिसळलेला असतो, म्हणून आकडा थोडा जास्तच दिसतो. ती चूक आपल्या फायद्याची. सुरुवात ग्रिडवर (करंट आवरणाऱ्या जाळीवर) जास्तीत जास्त उणे व्होल्टेज ठेवून करा, स्पीकर जोडलेलाच हवा. ट्रिमर (हे व्होल्टेज बदलणारा छोटा स्क्रू) हळूहळू फिरवा. करंट वाढला की प्लेटचे व्होल्टेज उतरते, म्हणून ते पुन्हा मोजून हिशेब पुन्हा करा. दहा मिनिटे तापू द्या, मग परत बघा. प्लेट लाल दिसली तर लगेच बंद!

माझा ॲम्प इंदूरमध्ये आहे. आमच्या गल्लीत रात्री उशिरा मेन्स २४५ व्होल्टपर्यंत चढते, आणि त्यासोबत प्लेटचेही. तेव्हा ज्या वेळी वाजवता त्याच वेळी बायस लावा.

हे सगळे फिक्स्ड बायसला (जिथे ग्रिडला वेगळे उणे व्होल्टेज दिलेले असते) लागू. कॅथोडवर मोठा रेझिस्टर असलेल्या सर्किटमध्ये ट्रिमर नसतो, तिथे तो रेझिस्टरच बदलावा लागतो. आणि कृपा करून एक हात खिशात ठेवा: फिल्टर कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही जीवघेणे व्होल्टेज उरते.