गरम ग्लासला हात लागला की हात आधी मागे येतो आणि चटका नंतर कळतो. यात कुठल्या चेतापेशी काम करतात?

ठाणे स्टेशनबाहेर उकळत्या कटिंगचा ग्लास धरून बघा, तिन्ही प्रकार कळतील. बोटातली संवेदी चेतापेशी निरोप मेरुरज्जूत आणते, तिथली सहयोगी चेतापेशी तो प्रेरक चेतापेशीला देते आणि स्नायू आखडतो. मेंदूला खबर मागाहून.

रचना पाठ्यपुस्तकातलीच: वृक्षिका संदेश घेतात, पेशीकायेत केंद्रक, अक्षतंतू संदेश पुढे नेतो. पायाकडे जाणारा अक्षतंतू तर जवळजवळ १ मीटर लांब!

खरी गंमत मायलिनची. हे मेदाचं वेष्टन असलेल्या जाड तंतूंत संदेशाचा वेग सेकंदाला १०० मीटरपर्यंत जातो. नंतरची रेंगाळणारी आग आणणारे बारीक तंतू उघडेच, त्यांचा वेग जेमतेम १ मीटर. दोन पेशींमधली फट बहुतेक ठिकाणी रसायनं ओलांडतात, वीज नव्हे. परीक्षेत हे हमखास चुकतं.