मिशनशास्त्राची पदवी आधी घ्यावी की धडगावला आधी जावे?

सलाम. आपण विचारले आहे की, नंदुरबार जिल्ह्यातील धडगावकडे, सातपुड्यातल्या पावरा आदिवासींमध्ये ख्रिस्ती सेवेला जाण्याचे पाचारण जाणवत असताना, बी. एस्सी. नंतर थेट मिशनशास्त्रात (म्हणजे परक्या समाजात ख्रिस्ती सेवाकार्य कसे करावे याच्या अभ्यासात) एम. टीएच. ही ईश्वरशास्त्राची पदव्युत्तर पदवी करावी का, आणि ते पुण्यात करावे की अमेरिकेत.

थेट एम. टीएच. होत नाही. ईश्वरशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूर कॉलेजच्या पद्धतीत (हे बंगालमधील सेरामपूर, आपल्या नगर जिल्ह्यातील श्रीरामपूर नव्हे) पदवीधराला आधी चार वर्षांची बी. डी. ही ईश्वरशास्त्राची पहिली पदवी करावी लागते आणि त्यानंतर दोन वर्षांचे एम. टीएच., म्हणजे एकूण सहा वर्षे. पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी, जी १९८३ मध्ये यवतमाळहून तेथे आली, याच पद्धतीशी जोडलेली आहे. एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता असलेली एम. डिव्ह. ही पाळकीय सेवेची पदवी साधारण तीन वर्षांत होते. मात्र ती मान्यता मंडळ्या (चर्च) आणि सेमिनऱ्या (ईश्वरशास्त्राची विद्यालये) मानतात, ती सरकारी नव्हे. पुढे एखाद्या सरकारी विद्यापीठात पीएच. डी. करण्याचा विचार असेल, तर प्रवेश घेण्यापूर्वीच त्या विद्यापीठाकडे लेखी चौकशी करावी.

माझे मत असे की, आपण आधी दोन वर्षे धडगावला राहावे. मी स्वतः उलट क्रमाने गेलो. पदवी घेऊन सातपुड्यात पोहोचलो आणि पहिले आठ महिने मराठीतच बोलत राहिलो. बाजारहाट करणारे पुरुष उत्तरे देत, म्हाताऱ्या बाया नुसत्या माना हलवत, आणि त्यांना पटते आहे असे मी समजत होतो. पावरी ही मराठीची बोली आहे, ती आपोआप येईल, हा आपल्याकडील शिकलेल्या माणसाचा जुना गैरसमज आहे. इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला आले आणि त्यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापले गेले १६१६ मध्ये. मधली ३७ वर्षे त्यांनी येथेच काढली होती.

वर्गात जे शिकवले जाते ते निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. शमशाबादला जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ पॉल हिबर्ट यांनी मांडलेली पद्धत मला फार उपयोगी पडली: जुनी प्रथा सरसकट नाकारू नये आणि डोळे मिटून स्वीकारूही नये, तर आधी तिचा अर्थ त्या लोकांकडून समजून घ्यावा, मग त्यांच्याबरोबर पवित्र शास्त्र वाचावे, आणि निर्णय मंडळीने स्वतः घ्यावा. सातपुड्यात हा प्रश्न होळीला उभा राहतो. होळी हा तेथील सर्वांत मोठा सण. त्यात ढोल, नाच, नवस, गावजेवण आणि आप्तांच्या भेटी एकमेकांत इतक्या गुंतलेल्या असतात की, ‘विश्वासणाऱ्याने जावे की नाही’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारा पाळक बहुधा एकही होळी पाहिलेला नसतो. आपण दोन होळ्या पाहून वर्गात बसलात, तर हिबर्ट यांचे प्रत्येक पान निराळे वाचाल.

अमेरिकेचे मला वावडे नाही. ग्रंथालये उत्तम आहेत. परंतु पॅसाडेना येथील फुलर सेमिनरीत १९६५ मध्ये जागतिक मिशनची शाळा सुरू करणारे डॉनल्ड मॅकगॅव्हरन दमोहला जन्मले होते आणि मध्य प्रांतात अनेक वर्षे काम करून मग तिकडे शिकवायला गेले. त्यांच्या सगळ्याच निष्कर्षांशी, विशेषतः एका जातीची एक मंडळी या दिशेने नेणाऱ्या विचाराशी, मी सहमत नाही. तरीही त्यांचे प्रश्न आपल्याच मातीतले होते. शिवाय विद्यार्थी व्हिसासाठी खर्चाची तरतूद कागदोपत्री दाखवावी लागते, आणि शिष्यवृत्ती मिळाली तरी तिच्यात सहसा सगळे भागत नाही.

कोठेही अर्ज केलात तरी तीन गोष्टी विचारा. क्षेत्रकार्य किती महिन्यांचे आहे आणि त्यावर देखरेख कोण करते? ध्वनिशास्त्र आणि लिपी नसलेली भाषा शिकण्याची पद्धत शिकवतात का? धर्मस्वातंत्र्याचे कायदे अभ्यासक्रमात आहेत का? धडगावच्या पलीकडे नर्मदा ओलांडली की मध्य प्रदेश आणि गुजरात लागतो, दोन्हीकडे धर्मांतरावर कायदे आहेत, आणि आपले यजमान सोयरिकीसाठी आपल्याला पलीकडे नेणारच.