कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी थरारपटाची दोन मिनिटांची सुरुवात करायची आहे. एवढ्या वेळात कथा बसवायची कशी?

तुम्ही प्रश्नात दिलेली कथा अशी आहे: एका मुलीला निनावी फोन येतात, कोणीतरी तिचा पाठलाग करतं, मग तिचं अपहरण होतं आणि शेवटी फोन करणारा तिचाच भाऊ निघतो. हाताशी चार जण, एक मोबाइल आणि एक ट्रायपॉड.

माझं उत्तर एका वाक्यात: ही कथा दोन मिनिटांत बसवूच नका. तुम्हाला चित्रपटाची सुरुवात करायला सांगितलंय, लघुपट नाही. लघुपटाला आपण मांडलेला प्रश्न सोडवून संपावं लागतं. सुरुवातीला फक्त प्रश्न मांडायचा असतो, आणि तो इतका नेमका मांडायचा की बघणाऱ्याला पुढचं बघितल्याशिवाय राहवू नये. भाऊच गुन्हेगार निघणं हा तुमच्या चित्रपटाचा शेवट आहे. अपहरण मध्यंतराच्या आसपास कुठेतरी येईल. तुमच्या वाट्याला आलीत पहिली दोन मिनिटं, म्हणजे काहीतरी बिनसलंय याची पहिली चाहूल. तेवढीच दाखवा.

मी संकलनाचं काम करते आणि विद्यार्थ्यांच्या गटांबरोबर त्यांच्या फुटेजवर बसणं मला मनापासून आवडतं. त्या फुटेजमध्ये धावण्याचे शॉट हमखास भरपूर असतात. जिना उतरताना, गल्लीतून पळताना, मागे वळून बघताना. पण ही मुलगी कोण आहे, तिच्या रोजच्या जगण्यात काय नेहमीचं आणि काय वेगळं, हे सांगणारा शॉट सापडत नाही. नेहमीचं काय ते आधी कळलं नाही तर बिघडलेलं काय ते कळणार कसं? म्हणून दोन मिनिटांतली निम्म्याहून जास्त मिनिटं साध्या, रोजच्या हालचालीला द्या. हे ऐकायला धोक्याचं वाटतं, पण थरारपटात तीच गुंतवणूक कामाला येते.

तुमच्याच कथेतून एक सुरुवात काढून दाखवते. मुलगी संध्याकाळी घरी येते. कुलूप उघडते, आत येऊन दाराशेजारच्या खिळ्यावर चावी अडकवते. पिशवी ठेवते, स्वयंपाकघरात जाते, पाणी पिते. घरात दुसरं कोणी नाही. ती परत बाहेरच्या खोलीत येते, खिळ्यावरून तिची सावली सरकते, आणि आपल्याला दिसतं की खिळ्यावर आता दोन चाव्या आहेत. तिचं लक्ष नाही. ती पुढे निघून जाते. पडदा काळा, चित्रपटाचं नाव.

यात पाठलाग नाही, मारामारी नाही, संवादही नाही. पण घरात कोणीतरी आहे, त्याच्याकडे या घराची चावी आहे आणि हे आपल्याला कळलंय, तिला नाही, एवढं सगळं त्या एका शॉटमध्ये येतं. शिवाय घराची दुसरी चावी सहसा कोणाकडे असते? घरच्याच माणसाकडे. तुमच्या शेवटाचं बीज इथे आपोआप पेरलं गेलं. हीच सुरुवात घ्या असं मी म्हणत नाही, तुम्हाला यापेक्षा चांगली सुचेल. पण अशाच मापाची असू द्या: एक माणूस, एक जागा, एक बदललेली वस्तू.

आता हा एक शॉट जवळून बघू, कारण सगळं त्याच्यावर उभं आहे. दोन चाव्यांचा धक्का बसायला आधीची एकच चावी प्रेक्षकाच्या डोळ्यांत नीट बसलेली हवी. म्हणजे पहिल्या वेळी खिळ्याचा क्लोजअप निदान तीन सेकंद टिकला पाहिजे. हात बाहेर गेल्यावर चावी हलते आणि स्थिर होते, तोपर्यंत कापू नका. दुसऱ्या वेळी तोच कोन, तेच अंतर, तोच उजेड. फ्रेम थोडी जरी वेगळी असली तर डोळा आधी तो फरक शोधतो आणि दुसरी चावी हातची जाते. म्हणून हे दोन्ही शॉट कथेत लांब असले तरी घेताना लागोपाठ घ्या, मधे ट्रायपॉडला हात लावू नका. ट्रायपॉडच्या पायांपाशी जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करून ठेवा, पुन्हा घ्यायची वेळ आली तर उपयोगी पडतात. आणि दुसरी चावी अडकवणारा हात दाखवायचा मोह टाळा. हात दाखवला की कुतूहल संपलं.

बाकीच्या शॉटसाठी एक सवय लावून घ्या. दार उघडणं, आत येणं, चावी अडकवणं ही सगळी हालचाल प्रत्येक कोनातून पहिल्यापासून शेवटपर्यंत करून घ्या. लाँग शॉटमध्ये अर्धी आणि क्लोजअपमध्ये उरलेली अर्धी अशी वाटणी केली की जोडताना हात हवेत उडी मारतो. दोन्हीकडे पूर्ण हालचाल असेल तर ती चालू असतानाच कापता येतं, आणि चालू हालचालीवर केलेला कट डोळ्याला जाणवत नाही. 'ॲक्शन' म्हणायच्या आधी आणि काम संपल्यानंतर पाच-पाच सेकंद कॅमेरा चालू ठेवा. तसंच, मुलगी पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालत असेल तर पुढच्या शॉटमध्येही कॅमेरा तिच्या त्याच बाजूला ठेवा. पलीकडे गेलात तर ती उलटी फिरून परत निघाल्यासारखी दिसेल.

मोबाइलबद्दल थोडं. त्यातलं 'ऑटो' तुमचा शत्रू आहे. दार उघडलं की तो उजेड बदलतो, ती जवळ आली की फोकस शोधत बसतो, आणि एकाच शॉटमध्ये भिंत पिवळी असते ती निळी होते. एक्सपोजर (चित्रात किती उजेड येतो ते), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा पिवळा-निळा तोल) तिन्ही लॉक करता येतील असं कॅमेरा ॲप वापरा. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० (प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड) ठेवलं तर हालचाल नैसर्गिक दिसते, आणि जिथे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे तिथे दिव्यांची फडफडही टळते. आणखी एक अडचण फार जणांना उशिरा कळते: बरेच मोबाइल फ्रेमचा वेग आपणहून कमी-जास्त करत राहतात, आणि मग वेगळा घेतलेला आवाज चित्राच्या हळूहळू पुढे-मागे सरकायला लागतो. एडिटिंगला बसण्याआधी क्लिप हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटमध्ये करून घ्या.

अंधार दाखवायचाय म्हणून अंधारात शूट करू नका. मोबाइलचा छोटा सेन्सर अंधारात दाणेदार, चिखलासारखं चित्र देतो. एक दिवा फ्रेममध्येच ठेवा, चेहऱ्याच्या बाजूला किंवा थोडा मागे, आणि बाकीचे बंद करा. सूर्य मावळल्यावर खिडकीबाहेर आकाश निळं असतं तेव्हा आतला दिवा पिवळा दिसतो. त्या वेळेत घेतलेला शॉट बिनखर्चात चित्रपटासारखा दिसतो. मात्र ती वेळ फार थोडी टिकते, म्हणून खिडकी दिसणारे शॉट कोणते ते आधी ठरवा, तालीम उजेडातच उरकून घ्या.

आता आवाज. इथे मला जास्त बोलायचंय, कारण विद्यार्थ्यांचं काम सगळ्यात जास्त इथेच मार खातं आणि सगळ्यात स्वस्तात इथेच सुधारतं. चित्र थोडं हललं तरी प्रेक्षक चालवून घेतो. घुमणारा, दूरवरचा आवाज मात्र 'हे घरी केलेलं आहे' असं ओरडून सांगतो. कॅमेऱ्याच्या मोबाइलवरचा आवाज फक्त जुळवणीसाठी ठेवा. दुसऱ्या कोणाचा तरी मोबाइल रेकॉर्डर म्हणून फ्रेमच्या बाहेर पण जवळ ठेवा, आणि प्रत्येक टेकच्या, म्हणजे शॉट घेण्याच्या प्रत्येक खेपेच्या, सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, म्हणजे दोन्ही रेकॉर्डिंग टाइमलाइनवर पटकन जुळतात. पंखा बंद. फ्रिजही बंद करा, त्याची घरघर आपल्या कानाला सवयीची असते, माइकला नाही. बंद केल्यावर घराची किल्ली किंवा पाकीट फ्रिजमध्ये ठेवा. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची ही जुनी युक्ती आहे: निघताना किल्ली शोधताना फ्रिज चालू करायची आठवण होते.

शूटिंग संपल्यावर सगळ्यांना गप्प उभं करून त्या खोलीची नुसती शांतता एक मिनिट रेकॉर्ड करा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि दोन शॉटमधल्या फटी बुजवायला तीच लागते. मग चावीचे आवाज वेगळे घ्या, माइक अगदी जवळ धरून: कुलपात फिरताना, खिळ्यावर अडकताना, खिळ्याला घासून थांबताना. दुसऱ्या चावीच्या शॉटला तुम्हाला मोठा 'धडाम' संगीताचा ठोका लावावासा वाटेल. लावू नका. मुलगी स्वयंपाकघरात पाणी पीत असताना, आपण तिच्याकडे बघत असताना, बाहेरून चावी खिळ्याला घासल्याचा तोच बारीक आवाज येऊ द्या. जो लक्ष देऊन ऐकतो त्याला तो आठवेल, आणि पुढचा शॉट आल्यावर मानेवर काटा येईल.

संगीताचं एक उदाहरण सांगण्याजोगं आहे. दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या १९५८च्या 'टच ऑफ ईव्हिल'ची सुरुवात अभ्यासात हमखास येते. एक हात बॉम्बची वेळ लावतो, तो गाडीच्या डिकीत ठेवला जातो, आणि मग तीन मिनिटांहून जास्त वेळ एकही कट न करता कॅमेरा त्या गाडीच्या मागे-पुढे गावातून फिरत राहतो. स्टुडिओने तेव्हा या शॉटवर श्रेयनामावली आणि पार्श्वसंगीत चढवलं. वेल्सने स्टुडिओला लिहिलेल्या लांबलचक टिपणाच्या आधारे १९९८ साली संकलक वॉल्टर मर्चने नवं संकलन केलं, तेव्हा त्या शॉटवरची नावं काढली आणि संगीताच्या जागी रस्त्यावरचे, दुकानांतून आणि गाडीच्या रेडिओतून येणारे आवाज आणले. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ बघा. चित्र तेच आहे, तरी दुसऱ्यात तुम्ही गाडी डोळ्यांनी आणि कानांनी शोधत राहता. नावं कुठे टाकायची आणि संगीत कधी आवरायचं, हे यातून जितकं कळतं तितकं कुठल्या नियमावलीतून कळणार नाही.

जे काही संगीत घ्याल ते परवान्याचं घ्या. चित्रपटातलं गाणं उचलू नका. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचं संगीत भरपूर मिळतं, पण त्यातही अटी असतात: कुठे श्रेय द्यावं लागतं, कुठे बदल करता येत नाहीत. क्लिपबरोबर परवान्याचं पानही जपून ठेवा, लेखी अहवालात लागेल.

नावांचं गणित सोपं आहे. आठ-दहा नावं, प्रत्येकाला साधारण तीन सेकंद, म्हणजे तुमच्या दोन मिनिटांतला अर्धा मिनिट. निर्मिती संस्था आधी, मग कलाकार, मग संगीत, संकलन, छायालेखन, निर्माता आणि सगळ्यात शेवटी दिग्दर्शक, हा रूढ क्रम आहे. चित्रपटाचं नाव कलाकारांच्या आसपास येतं किंवा आपल्या सुरुवातीसारखं अगदी शेवटी. नावं शांत शॉटवर टाका: दार, अंधारी खोली, पाण्याचा ग्लास. खिळ्याच्या दोन्ही शॉटवर एक अक्षरही नको. रक्त ठिबकणारा फॉन्ट वापरलात तर पहिल्या सेकंदालाच सगळी भीती निघून जाईल. साधा, लहान, भरपूर मोकळी जागा असलेला फॉन्ट घ्या. नावं देवनागरीत असतील तर एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे पळते, जोडाक्षरं सुटी पडतात. सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय नसेल तर नावं दुसरीकडे लिहून पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजी चित्रांच्या रूपात आणा. आणि प्रत्येक नाव मोठ्या पडद्यावर एकदा वाचून बघा.

पहिला रफ कट, म्हणजे शॉटची कच्ची जोडणी, संगीताशिवाय करा. तो कथा माहीत नसलेल्या कोणाला तरी दाखवा आणि 'आवडला का?' असं विचारू नका, त्याचं उत्तर सगळे 'हो' देतात. 'काय झालं ते सांग' म्हणा. त्याने दुसरी चावी पाहिलीच नाही तर दोष त्याचा नाही. शेवटचा शॉट एक सेकंद वाढवा किंवा खिळ्यावरचा उजेड थोडा वाढवा आणि दुसऱ्या कोणाला तरी दाखवा. त्याच माणसाला परत दाखवून काही कळत नाही, त्याला आता कुठे बघायचं ते माहीत आहे. जुने कट पुसू नका. अशा प्रोजेक्टमध्ये तुम्ही काय बदललं आणि का, हे बरेचदा विचारलं जातं, आणि दोन कट शेजारी ठेवले की उत्तर समोरच असतं.

या सगळ्यात शूटिंगला एक संध्याकाळ पुरेल, पण तारखा ठरवताना दुसरी एक संध्याकाळ राखून ठेवा. रफ कट बघितल्यावर एखादा शॉट कमी पडतोच. म्हणून पहिल्या दिवशी आवरायच्या आधी खोलीचे, खिळ्याचे, मुलीच्या कपड्यांचे आणि केसांचे मोबाइलवर फोटो काढा, आणि काम पूर्ण होईपर्यंत केस कापायचे नाहीत हे तिला आधीच सांगून ठेवा.